हात कुठे?

सकाळची धावपळ आटोपून ठाण्याचा नौपाडा जरा कुठे निवांत होतो, तेव्हा आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गॅरेजमधून एका बाईंचा आवाज येतो, "हात कुठे?" मग शांतता. उत्तर कोणी देत नाही. बाई आत एकट्याच असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी त्या थांबतात. मग कोणीतरी काहीतरी सांगितल्यासारखं "हं" म्हणतात, आणि आरीचं पातं किंचाळायला लागतं.

नवीन राहायला आलेल्या माणसाने हे पहिल्यांदा ऐकलं की त्याची पाचावर धारण बसते. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने आलेल्या एका जोडप्याने घाबरून घरमालकाला फोन लावला होता. खाली कोणाचे हात शोधतायत, असं त्यांनी विचारलं. घरमालक म्हणाला, काही नाही हो, मराठेबाई स्टूल करतायत. जोडप्याचं समाधान झालं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर माझंही झालं नसतं.

तर या कुंदाताई मराठे. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने काटकुळ्या, आणि आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, कारण आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. सलवारीवर नवऱ्याचा जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, कानामागे पेन्सिल. गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. मराठे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. त्यांनी गॅरेज घेतलं तेच मशिनी ठेवायला. गोल आरीचं टेबल, उभं ड्रिल मशीन, ग्राइंडर, व्हाइस, भिंतीवर ओळीने पटाशा, रंधे आणि कानशी. प्रत्येक हत्याराच्या मागे भिंतीवर त्याचीच बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे हत्यार जागेवर नसलं की भिंतीवर त्याची नुसती आकृती दिसते. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी असेल तर कुंदाताई घरी जात नाहीत.

आम्ही डोंबिवलीहून इथे आलो तेव्हा मराठे जाऊन वर्ष झालं होतं. मी त्यांना कधी पाहिलं नाही. आमचं स्वयंपाकघर बरोब्बर त्या गॅरेजच्या वर आहे. खाली आरी सुरू झाली की वर माझा चहा कपात थरथरतो. आमच्या हिला त्याची इतकी सवय झालीय की एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर ती म्हणते, खाली जाऊन बघून या जरा.

कुंदाताई करतात ती स्टुलं, पायऱ्या आणि आधाराच्या दांड्या. सगळं म्हाताऱ्या माणसांसाठी. पलंगावर चढायला पायरी, न्हाणीघरात बसायला स्टूल. आपल्या स्टुलावरून आजवर एकही माणूस घसरलेला नाही, असं त्या अभिमानाने सांगतात. कोणी घसरलाच, तर ते स्टूल दुकानातलं होतं, असं त्यांचं ठाम मत असतं.

गॅरेजमध्ये शिरायचं म्हणजे आधी खिळ्यांपाशी थांबायचं. शटरच्या आत डाव्या हाताला एक फळी आहे, तिच्यावर खिळ्यांची रांग. "लोंबतं ते उतरवा," हा कुंदाताईंचा पहिला नियम. घड्याळ, अंगठी, साखळी, बांगड्या, ओढणी, गळ्यातलं आयकार्ड, शर्टाची सुटी बाही, सगळं खिळ्यावर किंवा गुंडाळून वर. फिरत्या मशीनला लोंबतं काही मिळालं की ते ओढून घेतं, आणि त्याच्यामागोमाग माणूस जातो, हे त्या इतक्या शांतपणे सांगतात की ऐकणारा आपण होऊन बेल्टसुद्धा काढायला लागतो. एकदा चैत्रातलं हळदीकुंकू होतं आणि बायकांनी हौसेने गॅरेज बघायला मागितलं. दारातच सगळ्यांच्या बांगड्या उतरल्या. भरल्या ओटीने आणि रिकाम्या हातांनी बायका आत फिरल्या. आमची ही घरी येऊन म्हणाली, हळदीकुंकवाला गेले होते की तुरुंगात, तेच कळेना.

त्या रांगेतला पहिला खिळा मात्र कोणाला मिळत नाही. त्याच्यावर एक मंगळसूत्र लटकलेलं असतं. काळे मणी, मध्ये दोन वाट्या. लाकडाच्या भुशाने तिथलं सगळं पिवळं पडलेलं असतं, पण ते मंगळसूत्र रोज पुसलेलं. विधवा बाईचं मंगळसूत्र असं चारचौघांत खिळ्यावर का, हा प्रश्न प्रत्येक बाईच्या तोंडापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

सुरुवातीला मी त्यांच्यावर छाप पाडायला गेलो होतो. चांगले जाड चामड्याचे हातमोजे विकत घेतले आणि ते घालूनच खाली उतरलो. वाटलं, बाई खूष होतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी भूमितीच्या पेपरात त्रिकोणाला चार बाजू काढल्या आहेत. ड्रिलपाशी हातमोजे घालून जाणं म्हणजे मशीनला हात बांधून देणं, असं त्या म्हणाल्या. कातडी सोलवटली तर सोलवटू दे, पण मोज्यात अडकून बोट पिळलं तर ते परत सरळ होत नाही. मोजे गेले खिळ्यावर. ते अजून तिथेच आहेत, परत मागायची माझी हिंमत झाली नाही.

मग त्यांनी मला सगळं शिकवलं. म्हणजे ऐकवलं, कारण हात लावू देत नाहीत. लहान तुकडा हाताने धरून भोक पाडायचं नाही, व्हाइसच्या शिकंज्यात आवळायचा. आरीजवळ लाकूड बोटांनी सरकवायचं नाही, त्याला ढकलणी असते, पुढे खाच असलेली काठी. तेलाची फडकी कोपऱ्यात बोळा करून टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. आणि सुकत आलेलं लाकूड आवाज करतं. टक्. मध्येच, कोणी हात न लावता. तेव्हा दचकून मागे बघायचं नाही, समोर पात्याकडे बघायचं.

दचकायचं नाही, हे त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कारण त्याआधीच एकदा मी दचकून पळालो होतो. वीजबिलाचं काहीतरी विचारायला खाली गेलो, शटर अर्धं वर होतं, म्हणून वाकून आत बघितलं. कुंदाताई आरीच्या अलीकडे उभ्या. लांबलचक फळी पुढे ढकलत होत्या. फळी पात्यातून पलीकडे जात होती, टेबल संपलं तरी जात होती, आणि हवेत सरळ तरंगत होती. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. नाही म्हणायला पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं माणसाएवढं काहीतरी तिथे उभं होतं. वीजबिल मी परस्पर ऑफिसात जाऊन विचारलं.

नंतर कळलं की फळीच्या खाली रोलर लावलेला एक लाकडी घोडा असतो. फळी त्याच्यावरून सरकते, वाकत नाही. कुंदाताईंनीच तो केलेला. आणि चादरीतलं ते माणूस म्हणजे एक अर्धवट कपाट. मराठ्यांनी आणि त्यांनी मिळून करायला घेतलेलं. बाजू उभ्या राहिल्या आहेत, वरची एक फळी तेवढी बसवायची राहिलीय. गॅरेजच्या मधोमध, येता-जाता अडचण होईल असं ते वर्षानुवर्षं उभं आहे. एका कुरियरवाल्याने तर मला सांगितलं होतं, बाई दिसल्या नाहीत, पार्सल आतल्या उभ्या साहेबांसमोर ठेवलंय.

घोड्याचं कळलं, कपाटाचं कळलं. तरी सगळं कळलं असं नाही. कपाटाच्या पलीकडे, त्याच्या कडेने सरकणाऱ्या फळीचं दुसरं टोक जिथे येतं तिथे एक स्टूल आहे. गॅरेजमधल्या प्रत्येक वस्तूवर भुसा असतो, त्या स्टुलावर नसतो. त्याच्या वर खिळ्याला मराठ्यांचा मशीनवर काम करताना लावायचा चष्मा आहे, आणि त्याची काच लख्ख असते. पुसणाऱ्या कुंदाताईच, यात शंका नाही. पण मी एकदा सहज त्या स्टुलावर टेकायला गेलो तर त्या घाईघाईने म्हणाल्या, "तिथे नको, जोगळेकर." आणि मग माझ्याकडे न बघता, "सरकतील ते, पण उगाच कशाला."

मी विज्ञानाचा पदवीधर आहे. विमा कंपनीत आयुष्य काढलं, माणूस खरंच मेला का याचे पुरावे तपासले. तरी त्या दिवशी मी उभाच राहिलो.

मशीन सुरू करायच्या आधी "हात कुठे?" असं विचारायचं, आणि दुसऱ्याने "माझ्यापाशी" म्हणायचं, हा मराठ्यांचा नियम होता. बटणावर एक, फळीच्या टोकाला दुसरा. उत्तर आल्याशिवाय हिरवं बटण दाबायचं नाही. दोघांनी अख्खा संसार असा केला. मराठे गेल्यावर कुंदाताईंनी नियम बदलला नाही. त्या विचारतात, थांबतात, आणि उत्तर आलं की सुरू करतात. शटर खाली ओढतानासुद्धा विचारतात, कारण शटरखाली बोटं चेंगरतात. आत कोणी नसताना, बाहेर उभ्या राहून, अंधाऱ्या गॅरेजला त्या विचारतात, हात कुठे. आणि थांबतात. रस्त्याने जाणारी माणसं मग पलीकडच्या बाजूने जातात.

ही बातमी बंगळूरला पोचायला वेळ लागला, पण पोचली. अश्विनी ही त्यांची एकुलती एक मुलगी, तिथेच राहते. तिने एका दुपारी मला फोन केला. मोठी गोड मुलगी आहे. कोणाकोणाकडून काय काय ऐकलं ते तिने सांगितलं, आणि म्हणाली, काका, आई फिरत्या पात्यासमोर उभी राहून बाबांशी बोलते. त्यांचं उत्तर आलं असं तिला वाटलं की बटण दाबते. उद्या चुकीचं उत्तर आलं तर?

प्रश्न वाजवी होता. तिने ठरवलं होतं की मशिनी विकायच्या आणि आईला घेऊन जायचं. शीळफाट्याला जुन्या मशिनींचा धंदा करणारे एक म्हात्रे आहेत, ते येऊन बघून जाणार होते. मी तेव्हा तिथे असावं, आईकडे नीट लक्ष द्यावं आणि संध्याकाळी तिला खरं काय ते सांगावं. आईचं डोकं ठिकाणावर आहे, असं मी म्हणालो तर ती पुन्हा विचार करेल. नाही म्हणालो तर टेम्पो येईल.

म्हणजे कुंदाताईंच्या पुढच्या आयुष्याचा निकाल माझ्यावर. माझ्या घरात जेवायला काय करायचं हेसुद्धा मला कोणी विचारत नाही. रात्री मला नीट झोप लागली नाही.

कुंदाताईंना सगळं माहीत होतं. म्हात्रे येणार त्या सकाळी मी खाली गेलो तर त्या पटाशीला धार लावत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "तुम्हाला माझी परीक्षा घ्यायला नेमलंय ना. घ्या. मी आयुष्यभर दुसऱ्यांची घेतली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांच्या हातातली पटाशी दगडावर नेहमीसारखी सरळ फिरत नव्हती. बाई घाबरल्या होत्या. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

म्हात्रे आले ते गळ्यात जाड सोन्याची साखळी, हातात कडं, मनगटाला दोरे. स्वभावाने मोकळा माणूस. "ताई, नमस्कार. काय भारी ठेवलंय तुम्ही सगळं," म्हणत आत शिरायला लागले तर कुंदाताईंनी फळीकडे बोट दाखवलं. साखळी उतरली, कडं उतरलं. दोऱ्यांवर मात्र म्हात्रे अडले, ते जत्रेतले होते, उतरवायचे नाहीत. मग कुंदाताईंनी त्यांच्या मनगटावर चिकटपट्टी गुंडाळली. एवढा मोठा माणूस हात पुढे करून शाळेतल्या मुलासारखा उभा होता.

त्यांनी सगळं बघितलं, ठोकलं, फिरवलं. ड्रिल मशीनपाशी आले. ड्रिलची पाती ज्या जबड्यात बसते त्याला चक म्हणतात, आणि तो आवळायला एक दातेरी चावी असते. म्हात्र्यांनी ती चावी घेऊन जबडा उघडझाप करून बघितला, खूष झाले, आणि जबड्यात झीज किती ते बघायला चेहरा अगदी जवळ नेऊन म्हणाले, "आता जरा चालू करा ना, आवाज ऐकू द्या."

कुंदाताईंनी बोट हिरव्या बटणावर ठेवलं. मी देवाचा धावा करत होतो की आज तरी बाईंनी काही विचारू नये.

"हात कुठे?"

म्हात्र्यांना वाटलं, त्यांनाच विचारलं. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले आणि हसत म्हणाले, हे काय, इथे. कुंदाताईंनी मान हलवली. पण बटण दाबलं नाही. त्यांचं तोंड कपाटाच्या दिशेला होतं, पलीकडच्या स्टुलाकडे. एरवी एका श्वासाएवढं थांबतात. आज थांबूनच राहिल्या. बाहेर एक रिक्षा गेली. तिचा आवाज विरला. म्हात्र्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं. मनातल्या मनात मी अश्विनीला सांगायची वाक्यं जुळवत होतो.

"काय झालं, ताई?"

"थांबा. उत्तर आलेलं नाही."

"कोणाचं?"

कुंदाताईंनी बोट बटणावरून उचललं. "आज नाही म्हणतायत," त्या म्हणाल्या, आणि मशीनकडे वळल्या. वरपासून खाली बघत आल्या. जबड्यापाशी थांबल्या. चावी तिथेच होती. जबड्याच्या बाजूच्या भोकात खुपसलेली, म्हात्र्यांनी ठेवली तशी.

ती चावी तशीच ठेवून ड्रिल सुरू केलं तर काय होतं, ते मला कुंदाताईंनीच शिकवलेलं होतं. गोफणीतल्या दगडासारखी ती सुटते. आणि म्हात्र्यांचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता.

कुंदाताईंनी चावी काढली, पुसली, भिंतीवरच्या तिच्या आकृतीवर लावली. म्हात्र्यांनी गालाला हात लावून बघितला, मग चादरीतल्या त्या उभ्या कपाटाकडे, मग स्टुलाकडे. "मशीन चांगली आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "पण ती रिकामी नाहीये, ताई. मी नाही नेणार." आणि गेले. साखळी आणि कडं खिळ्यावर राहिलं. ते न्यायला ते पुन्हा गॅरेजमध्ये आले नाहीत. कोपऱ्यावर गाडीत बसून राहिले, आणि मी नेऊन दिलं.

आता सरळ विचार केला तर यात काही नाही. बाईंच्या नजरेला चावी आधीच दिसलेली असणार, मनाला कळायला वेळ लागला असणार, आणि त्या थांबण्याने तो वेळ मिळाला. मी हे स्वतःला परत येताना समजावलं आणि मला ते पटलंसुद्धा. फक्त गॅरेजमध्ये पाऊल टाकल्यावर पटेनासं झालं.

कुंदाताई खाली बसल्या होत्या, व्हाइसच्या ठोकळ्याला टेकून. मी पाणी दिलं. त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, "विचारा. परीक्षकांनी विचारायचं असतं."

मी विचारलं, कुंदाताई, खरंच उत्तर येतं का हो?

त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही. दुसरंच सांगितलं. त्या दिवशी ते दोघं अश्विनीच्या नव्या घरासाठी हेच कपाट करत होते. सकाळी भांडण झालेलं. वरच्या फळीला गोलाई द्यायची की नाही, यावरून. मराठे भांडण झालं की अबोला धरायचे. मग "माझ्यापाशी" म्हणायचे नाहीत, नुसते टेबलावर बोटाने टक् करायचे. तेवढं पुरायचं. कपाटाच्या बाजू मध्ये उभ्या असल्यामुळे पलीकडचं दिसत नव्हतं. कुंदाताईंनी विचारलं, हात कुठे. उत्तर नाही, टक् नाही. पुन्हा विचारलं. त्यांना राग आला. एवढ्याशा गोलाईवरून किती ताणायचं माणसाने. त्या म्हणाल्या, राहू दे तुमचं, आणि बटण दाबलं.

"फळी घोड्यावरून सरळ गेली. दुसऱ्या टोकाला कोणी धरलेली नाही, हे कळलंच नाही मला. फार चांगला केला होता मी तो घोडा." त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "पूर्ण फळी कापून झाली. लाल बटण दाबलं. मग कपाटाला वळसा घालून भांडायला गेले. ते स्टुलावर होते, भिंतीला टेकून. चष्मा लावलेला. हात दोन्ही मांडीवर."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, तुम्ही आधी बघितलं असतं तरी काही फरक पडला नसता. नसेल पडला. पण जोगळेकर, माझा माणूस जात होता आणि मी आरी चालवत होते. एवढं एकदाच मी उत्तराची वाट बघितली नाही."

म्हणून त्या आता वाट बघतात. जेवढी बघायला हवी होती तेवढी, रोज, थोडी थोडी. उत्तर येतं की नाही, ते मी पुन्हा विचारलं नाही.

मग त्यांनी पहिल्या खिळ्याकडे बघितलं, आणि तेही सांगितलं. त्या दिवशी मंगळसूत्र नियमाप्रमाणे खिळ्यावर होतं. नंतर बायका जमल्या, कोणाकोणाची नजर गळ्याकडे गेली, तर तिथे काहीच नव्हतं. "माझं कोणाला उतरवायला मिळालंच नाही. मीच उतरवलं होतं, कामासाठी. काम संपलं की पुन्हा घालायचं असतं. आणि काम तर राहिलंय." त्या कपाटाकडे बघून हसल्या. त्या वरच्या फळीला त्यांनी इतक्या वर्षांत हात का लावला नव्हता, ते मला तेव्हा कळलं. फळी बसली असती तर काम संपलं असतं.

हे अश्विनीला सांगू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मी सांगीन. मला वाटलं होतं, सांगणार नाहीत. पण संध्याकाळी अश्विनीचा फोन आला तो फार उशिरा, आणि तिचा आवाज बसला होता. म्हात्र्यांबद्दल तिने काही विचारलं नाही, टेम्पोबद्दल तर नाहीच. मी आपण होऊन सांगितलं की तुझ्या आईचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे, पण मशीनवर तिने एकटीने काम करणं बरोबर नाही, दोन माणसं हवीत, हे तुझ्या बाबांचंच म्हणणं होतं. ती म्हणाली, "काका, मग तुम्ही उभे राहाल?"

आमची ही शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे जसं बघितलं, त्यावरून नाही म्हणायची सोय उरली नव्हती. मी हो म्हणालो.

तेव्हापासून मी सकाळी खाली जातो. घड्याळ खिळ्यावर, अंगठी खिळ्यावर, बाह्या वर. उभं राहायची जागा मला वेगळी दिली आहे, स्टुलापासून जरा डावीकडे. पहिले काही दिवस साधी स्टुलं केली. मग एका सकाळी गेलो तर कपाटावरची चादर काढून घडी करून ठेवली होती. आरीच्या टेबलावर एक नवी सागवानी फळी होती. पेन्सिलने तिच्यावर खूण केलेली, आणि पुढच्या कडेला गोलाई.

"त्यांचं म्हणणं होतं गोलाई हवी," कुंदाताई म्हणाल्या. "देऊन टाकते."

मी माझ्या जागी उभा राहिलो. मध्ये कपाट होतं, त्या दिसत नव्हत्या. पलीकडून आवाज आला, "हात कुठे?"

"माझ्यापाशी," मी म्हणालो.

बटण दाबलं गेलं नाही. मी वाट बघत राहिलो. माझ्या उजव्या हाताला ते स्टूल होतं, स्वच्छ पुसलेलं, आणि मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मान ताठ करून मी समोर, पात्याच्या दिशेने बघत होतो. आणि अगदी जवळ कुठेतरी लाकडाने आवाज केला. टक्.

सुकत आलेलं लाकूड आवाज करतं. मला माहीत आहे.

"हं," पलीकडून कुंदाताई म्हणाल्या. "दोघांचं झालं." आणि आरी सुरू झाली.

फळी बसवली, पॉलिश झालं, कपाट उभं राहिलं. देखणं झालं. अश्विनी पुढच्या महिन्यात स्वतः येऊन नेणार आहे. त्या संध्याकाळी कुंदाताईंनी सगळी हत्यारं भिंतीवर लावली, एकही आकृती रिकामी राहिली नाही. तेलाची फडकी डब्यात टाकून झाकण लावलं. हात धुतले, कोरडे केले. मग पहिल्या खिळ्यापाशी गेल्या, मंगळसूत्र काढलं, गळ्यात घातलं आणि शर्टाच्या आत सारलं. घड्याळ घालावं इतक्या साधेपणाने. मी उगाच कानशी मोजल्यासारखं केलं.

आम्ही बाहेर आलो. शटरला हात घालून त्या थांबल्या. आत आता अंधार होता. कपाट होतं, त्याच्यामागे स्टूल होतं.

"हात कुठे?" कुंदाताईंनी विचारलं.

रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने वळून बघितलं आणि पावलं उचलली. मी माझे दोन्ही हात खिशात घातले आणि त्यांच्याबरोबर थांबलो.